सतरा नंबरचा कॅन

४ फेब्रुवारी

चि. ठकूस,

तुझ्या बाबांचे पोटभर आशीर्वाद.

आधी सगळ्यांची विचारपूस करतो, मग बाकीचं. तुझी पाठ कशी आहे? प्रयोगशाळेतल्या उंच स्टुलावर बसून ती धरते, असं आईकडून कळलं. स्टुलाला खाली एक आडवी फळी ठोकून घे, पाय टेकले की पाठ सुटते. जावईबापूंनी दाढ काढली का, की अजून गाल धरूनच हिंडतात? सासूबाईंचा गुडघा जिना चढू देतो ना? छोटीचा खोकला गेला का? आणि तुमच्याकडे मांजर आलंय म्हणे. त्याची तब्येत विचारत नाही, त्या जातीला कधी काही होत नाही.

इकडे आईचं ब्लडप्रेशर ताब्यात आहे. जीभ नाही. माझं उत्तम.

सहा वर्षांनी पत्र आणि तेही असं अचानक, फोन का नाही केला, असं तुला वाटेल. अगं, फोनवर माझा आवाज चढतो. पस्तीस वर्षं पंपांच्या आवाजावर ओरडून बोलण्यात गेली. आता लाडानं बोललो तरी समोरच्याला वाटतं हा भांडायला उठलाय. कागदाला निदान आवाज नसतो.

निवृत्त झाल्यापासून रोज वाचनालयात जातो. परवा मूत्रपिंडावरचं एक जाडजूड पुस्तक हाती लागलं. कपाटात दुसरं काही बरं नव्हतं म्हणून घेतलं, एवढंच. पण ठकू, माझे तर डोळेच विस्फारले! एकेका मूत्रपिंडात दहा-दहा लाख गाळण्या! आमच्या पाणीपुरवठ्याच्या फिल्टर हाउसात सहा होत्या आणि त्या सहांनी माझे केस पांढरे केले. दिवसाला एकशेऐंशी लिटर गाळायचं आणि त्यातलं दीड-दोन लिटर सोडून बाकीचं सगळं परत उचलून घ्यायचं, तेही रविवारची सुट्टी न घेता. हे मला तरुणपणी माहीत असतं, तर मी आमच्या फिल्टर हाउसाचा एवढा तोरा मिरवला नसता.

तू जे मोजतेस त्याचं नाव मात्र पुस्तकात एकदाच आलं, तेही तळटिपेत: सायक्लिक न्यूक्लिओटाइड. ते काय असतं? वेळ झाला तर लिही.

आपल्या मोठ्या हॉस्पिटलात साठीच्या पुढच्या निरोगी माणसांची तपासणी चालू आहे. मूत्रपिंडांचीच आहे आणि नमुने तुमच्या प्रयोगशाळेत येतात म्हणे. आमच्या पाणीपुरवठ्यातले तिघं, पंपवाला, क्लोरीनवाला आणि मीटरवाला, नाव देऊन आले. मी आपला सोबत म्हणून गेलो होतो.

छोटीला एक पापा.

तुझे,
बाबा


२१ फेब्रुवारी

चि. ठकूस,

तुझं उत्तर आलं. अर्धं पान, वर ‘ती. बाबांस’ आणि खाली नुसती सही. आईनं ते तीनदा वाचलं आणि म्हणाली, “अक्षर अजून तुमच्यासारखंच आहे, रागावल्यासारखं.” मी किती वेळा वाचलं ते तिला सांगितलं नाही, तुलाही सांगत नाही.

मला समजलं ते असं. बरोबर आहे का बघ. कितीतरी हार्मोन पेशीच्या आत शिरत नाहीत, बाहेरून दारावर थाप मारतात. मग आतल्या आत निरोप पोचवायचं काम ही दुक्कल करते: एक सायक्लिक एएमपी, दुसरा सायक्लिक जीएमपी. स्वतःचंच शेपूट धरून कडी करून बसलेले रेणू, म्हणून सायक्लिक. काम झालं की बहुतेक आतच मोडीत निघतात. थोडे मात्र बाहेर प्लाझ्मात, म्हणजे पेशी वगळून उरणाऱ्या रक्ताच्या पाण्यात, उतरतात. ते तिथून जातात कुठे, हा तुझा प्रश्न.

मी चहाचा घोट घेऊन आईला म्हणालो, “जाणार कुठे? मूत्रपिंड बसलंय की!” आणि पुढच्याच ओळीत तू माझा कान धरलास. म्हणे, मूत्रपिंडावाटे बाहेर पडतो तो साधारण पाचवा हिस्सा. बाकीचे इतर अवयवांत मोडून संपतात.

“बघा,” आई म्हणाली, “चार जणांनी काम करायचं आणि मिरवायचं एकानं. असे घरोघरी असतात.”

कोणाला उद्देशून, ते मी विचारलं नाही.

पण त्या पाचव्या हिश्शातली गंमत मला फार आवडली. जीएमपी गाळणीतून जेवढा येतो तेवढाच लघवीत उतरतो, सरळमार्गी माणूस. एएमपी मात्र गाळून आला त्यापेक्षा जास्त भरतो, कारण मूत्रपिंड स्वतःच्या पदरचा त्यात घालतं, मानेतल्या बारीकशा ग्रंथींचा हुकूम आला की. म्हणजे गाळणाराच टाकीत काहीतरी सोडतोय! आमच्याकडे कोणी असं केलं असतं तर मी दुपारच्या आत मेमो काढला असता. आणि इथे ती चूक नसून रीत आहे. हे वाचून मी एकटाच हसत सुटलो. वाचनालयातल्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

पंपवाल्या मंडळींनी आपापले चोवीस तासांच्या लघवीचे कॅन भरून हॉस्पिटलात दिले. नमुना घेण्याची पद्धत मीच शिकवली. तुझ्याकडे पोचतील तेव्हा काही बघायला लागायचं नाही.

आणखी एक. छोटी झाली तेव्हा मी आईला एकटीला पाठवलं आणि ड्युटी आहे असं सांगितलं. ड्युटी नव्हती. रजा मंजूर होऊन खिशात होती. स्टँडवर आईला बसमध्ये बसवलं आणि परत फिरलो. काय तोंडानं यायचं होतं? लिहून टाकलं, आता बरं वाटतंय.

जावईबापूंना सांग, दाढेला घाबरू नका. मी चार काढल्यात आणि बोलणं काही कमी झालेलं नाही.

तुझे,
बाबा


९ मार्च

चि. ठकूस,

तुझं चार पानी पत्र आत्ता पोचलं. चार पानं! पाकीट आईनं फोडलं, पानं मी मोजली.

पण पत्र वाचून मी जरा गोंधळलोय. येत्या वीस तारखेला छापायला तक्ते पाठवणार आहेस ना, ते तूर्त थांबव. आमच्या गावच्या सतरा, अठरा, एकोणीस आणि वीस नंबरांबद्दल काहीही लिहून टाकू नकोस. का ते मागाहून कळवतो. घाईत आहे.

बाबा


१० मार्च

चि. ठकूस,

घाई कसली, काही नव्हती. कालचं पत्र पेटीत टाकून घरी आलो तर आई दारातच उभी.

“सांगितलंत?”

“थांबायला सांगितलंय.”

“थांबायला नाही, कारण सांगायला म्हणत होते मी. तुम्ही लिहिता की मी फोन लावू?”

म्हणून आता सगळं लिहितो. बसून वाच आणि हातात काचेचं काही धरू नकोस.

तू लिहिलंस की या चौघांचं कोडं सुटत नाही. रक्त बघावं तर ठणठणीत माणसांचं. लघवीत मात्र सायक्लिक एएमपी तिसऱ्या हिश्शानं कमी, जीएमपीही तेवढाच कमी आणि क्रिएटिनिनही. हे क्रिएटिनिन म्हणजे स्नायूंची रोजची झीज, ती रोज साधारण ठरावीकच उतरते, म्हणून कॅन पुरा भरला की नाही याची साक्ष तीच देते, हेही तू समजावून सांगितलंस. म्हणजे कॅन अपुरे भरले, असंच तुला वाटतं. पण इथल्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी चौघांना दोनदा खोदून विचारलं आणि चौघंही छातीवर हात ठेवून सांगतात, एकही वेळ चुकली नाही. तुझं वाक्य जसंच्या तसं: ‘कारण नसताना चार प्रामाणिक माणसांचे आकडे फेकून देणं मला जमत नाही. आणि ठेवले, तर वय झालं की मूत्रपिंडं या रेणूंना नीट काढत नाहीत, असं माझ्या तक्त्यातून निघतं आणि तेच छापून जाईल.’

पोरी, सतरा नंबर मी आहे.

सोबत म्हणून गेलो होतो हे खोटं. नाव माझंच आधी दिलं, बाकीच्या तिघांना मी मागाहून ओढून नेलं.

आणि ते तिघंही खरं बोलतात, मीही खरं बोललो. एकही वेळ चुकली नाही. पण आम्ही प्रत्येक वेळी पहिली धार सोडून दिली.

तुला आठवत असेल, नळाच्या पाण्याचा नमुना कसा घ्यायचा. तोटी सोडायची, दोन मिनिटं पाणी वाहू द्यायचं आणि मगच बाटली धरायची, कारण पाइपात साचलेलं पाणी म्हणजे टाकीतलं पाणी नव्हे. पस्तीस वर्षं मी हे नव्या माणसांच्या डोक्यात ठोकून बसवलं. तर कॅन मिळाले त्या दिवशी चौघं आमच्या स्वयंपाकघरात जमलो. मी चहाची किटली घेतली, तिरकी केली, पहिली धार बशीत सोडली आणि मग कप पुढे सरकवला.

“ही जी बशीत गेली ती साचलेली. ती नमुना नाही. पुढची खरी. दर वेळी असंच.”

मीटरवाला कागद वाचत होता. “पण फिल्टरमास्तर, इथे लिहिलंय की सकाळी उठल्यावरची एक वेळ टाकून द्या आणि नंतरची प्रत्येक वेळची सगळी जमा करा. थेंबही सोडू नका.”

“कागद लिहिणाऱ्यानं जन्मात कधी नमुना घेतलाय का?”

पंपवाला म्हणाला, “मास्तर, या वयात माझी धार ती केवढी! पहिली सोडली तर मागे काय उरायचं?”

“उरेल ते घाल!”

क्लोरीनवाला कधीच बोलत नाही, त्यानं वहीत लिहून घेतलं. आई म्हणाली, “माझ्या बशा विसळून ठेवा आणि हा विषय बाहेर जाऊन बोला.”

तर असं आहे ते. काल तुझं पत्र वाचताना, तिन्ही आकडे एकाच मापानं खाली, या ओळीवर आलो आणि पत्र बाजूला ठेवलं. फिल्टर हाउसात सगळेच आकडे एकदम सारखे उतरले, की मी पाण्याकडे बघत नसे, आधी मापाचं भांडं बघत असे. एएमपी कमी, जीएमपी कमी, क्रिएटिनिन कमी, यात मूत्रपिंडाचा काय दोष? मूत्रपिंडांनी आपलं काम चोख केलं. तिसरा हिस्सा मी आणि माझ्या तीन शिष्यांनी चार घरांच्या मोऱ्यांत सोडून दिला.

सकाळी डॉक्टरीणबाईंना जाऊन सांगितलं. त्या आधी कपाळाला हात लावून बसल्या, मग टेबलावर डोकं टेकून हसल्या. म्हणाल्या, “आजोबा, मधली धार जंतू बघायच्या तपासणीला मागतात. इथे आम्हाला चोवीस तासांतलं सगळंच्या सगळं मोजायचं होतं.” मग त्यांनी कागद उलटून दाखवला. खाली बारीक अक्षरात तो लिहिणाऱ्याचं नाव होतं. तुझं.

कागद लिहिणाऱ्यानं कधी नमुना घेतलाय का, असं मी म्हणालो होतो. ते वाक्य मला आता गिळता येत नाही.

आणि गिळता न येणारं दुसरंही एक आहे. पाण्याच्या प्रयोगशाळेतली मी मिळवून दिलेली नोकरी सोडून तू या कामाला निघालीस, तेव्हा तुझ्या सरांसमोर, आपल्याच घरात, मी म्हणालो की जन्मभर लोकांची लघवी मोजत बसणार का. तू चहाचे कप उचललेस, आत गेलीस आणि दुसऱ्या दिवशी निघालीस. मी चुकलो. तेव्हाच कळलं होतं, पण कळणं आणि वळणं यात माझी सहा वर्षं गेली.

हॉस्पिटलात नाव का दिलं, तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की नमुन्यांवर नाव नसतं, फक्त नंबर असतो, आणि ते तुमच्याकडे जातात. मी मनात म्हटलं, चला, पत्र नाही तर नाही, आपला एक कॅन तरी तिच्या टेबलावर पोचेल. ज्याला हसलो होतो तेच तिच्या हाती देऊ. ती मोजेल, आकडे चांगले येतील आणि एक चांगला म्हातारा म्हणून पुढे सरकवेल. तेवढं पुरे होतं मला. पण ते काही एवढ्यावर भागलं नाही. आधी पत्र लिहावंसं वाटलं, आणि कॅनमध्ये घोळ झाला तो वेगळाच.

आता तू काय करायचं ते ठरव. रागावलीस तरी चालेल. फक्त वय झालेल्यांच्या मूत्रपिंडांवर खोटा आळ घालू नकोस, ती बिचारी निर्दोष आहेत.

तुझे,
बाबा


२ एप्रिल

चि. ठकूस,

एकदाचा तुझा फोन आला. तो ठेवल्यापासून आईनं मला खुर्चीवर बसूच दिलेलं नाही. एक एक वाक्य तीन तीनदा सांगायला लावलंय. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सगळं ऐकत होतीच, तरीही.

तुझं पहिलं वाक्य होतं, “बाबा, तुम्हाला कागद वाचता येतो ना?” आणि मी इतका खूश झालो की आधी आईकडे बघून हसलो. असं बोलणारं घरात कोणी नव्हतं गं इतके दिवस. आई बोलते, पण तिचं ऐकून ऐकून कानांना सवय झालीय.

“येतो,” मी म्हणालो.

“मग वाचायचा! चार माणसांचा चोवीस तासांचा नमुना फुकट! मी दोन आठवडे डोकं फोडून घेत होते. तुमच्या गावाच्या पाण्यातच काही आहे का, इथपर्यंत माझी मजल गेली होती.”

“पाण्यात काही नाही,” मी म्हणालो, “ते मी पस्तीस वर्षं गाळलंय.”

आणि मग तू हसलीस. किती वेळ हसत होतीस! मधेच जावईबापूंचा आवाज आला, “काय झालं?” आणि तुला सांगता येईना. ठकू, तुला एवढं हसताना मी तू शाळेत होतीस तेव्हा शेवटचं ऐकलं.

मग तू एकदम गंभीर होऊन म्हणालीस, “पण तुम्ही बाद. तपासणाऱ्याचा बाप चालत नाही. ते फॉर्मवर होतं, तेही तुम्ही वाचलं नसणार.”

वाचलं होतं. ‘प्रयोगशाळेत कोणी नातेवाईक?’ या रकान्यात ‘नाही’ असं लिहिलं होतं मी. सहा वर्षं बोलचाल नाही, तर नातं तरी कशाच्या जोरावर लिहू, असं तेव्हा वाटलं होतं. हेही तुला सांगून टाकलं. मग म्हणालीस, “पुन्हा असलं काही लिहायचं नाही.” बरं. नाही लिहिणार.

डॉक्टरीणबाईंनी आम्हा चौघांकडून पुन्हा कॅन भरून घेतले होते, त्यातले तिघांचे चोख निघाले हे ऐकून पंपवाल्यानं छाती अशी काही काढलीय की शर्टाचं बटण तुटलं. ‘माझं क्रिएटिनिन पुरं भरलं’ असं रस्त्यात भेटेल त्याला सांगत सुटलाय. मीटरवाला मला म्हणतो, “मी कागद वाचला होता, मास्तर.” दिवसातून दोनदा म्हणतो. आणि हॉस्पिटलात दिवसभर हाताला सलाइन लावून, मूत्रपिंडं जे नुसतं गाळतात, परत घेत नाहीत, असं औषध रक्तात सोडून केलेल्या तपासणीतही तिघांचं जुळलं, हे सर्वांत छान. जीएमपी अगदी त्या औषधाच्या चालीनं बाहेर आला, एएमपी त्याहून जास्त. म्हणजे मूत्रपिंडं या वयातही गाळतात आणि वर स्वतःची भरही घालतात. क्लोरीनवाल्याला हे समजावलं तर तो महिन्याभरात पहिल्यांदा बोलला. म्हणाला, “वा.”

माझाही दुसरा कॅन तू मोजलास, तक्त्यात नाही तरी तुझ्या वहीत, आणि पन्नाशीच्या माणसासारखा निघाला, हे मी आईला सांगितलं. ती म्हणाली, “आतून पन्नास, डोक्यानं पाच.” खरं तर तिला फार आनंद झालाय. सकाळपासून गुणगुणतेय.

आता कामाचं. तू म्हणालीस की पुढच्या तुकडीसाठी तो सूचनांचा कागद नव्यानं लिहायचाय, आणि आमच्यासारख्या आडमुठ्यांना कळेल असा तो मीच लिहावा. मला वाटलं थट्टा करतेस. पण तू म्हणालीस, “नाही बाबा, खरंच लिहा. कुठे माणूस अडतो ते तुम्हाला माहीत आहे.” फोन ठेवला आणि मी आधी चष्मा शोधला.

मसुदा सोबत पाठवतोय. चार वेळा लिहिला. पहिल्या वेळी तीन पानांचा झाला, आईनं वाचून म्हटलं की एवढं वाचेपर्यंत माणसाला दोनदा जाऊन यावं लागेल. आता एका पानात बसवलाय. प्रत्येक सूचनेच्या पुढे ‘का’ ते लिहिलंय, कारण का ते न सांगितलेली गोष्ट आमच्या पिढीतला माणूस स्वतःच्या डोक्यानं दुरुस्त करतो. ‘दर वेळी पहिल्या थेंबापासून शेवटच्या थेंबापर्यंत’ हे ठळक केलंय. ‘तुम्ही आयुष्यभर कोणतंही काम केलं असेल, ते या चोवीस तासांत विसरा’ हे वाक्य ठेवावं की काढावं, तू ठरव.

कागदाच्या तळाशी ‘शंका असल्यास विचारा’ असा रकाना आहे. तिथे तुझं नाव घातलंय. त्याच्या खाली, जरा बारीक अक्षरात, माझं घालून पाहिलंय. इथल्या लोकांना जवळ पडेल म्हणून. नको वाटलं तर खोड. लाल शाईनं खोड, सगळं पान रंगवलंस तरी चालेल, पण पान परत धाड, आणि लवकर. डॉक्टरीणबाईंची पुढची बारा माणसं थांबलीत.

आणि तेही एक निमित्तच. माणसं नसती थांबली तरी मी लवकरच धाड म्हणालो असतो.

तुझे,
बाबा